पिना निघेपर्यंत

लिफ्टसाहेबांच्या घरातला एक ड्रॉवर अडकलेला आहे, हे त्यांना त्या दिवशी काही नव्यानं कळलं नव्हतं. जेवणाच्या टेबलामागे जे बुटकं कपाट आहे, त्याचा तो मधला ड्रॉवर. लेक शाळेत असताना कधीतरी दमट हवेनं लाकूड फुगलं आणि तो बसला तो बसलाच. आत काय आहे ते नवरा-बायको दोघांनाही आठवत नव्हतं. इतकी वर्षं आठवलं नाही त्या अर्थी ते फार गरजेचं नसणार, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. संसारात अशा गोष्टी पुष्कळ असतात. पण त्या सकाळी लेकीचा फोन ठेवल्यावर लिफ्टसाहेब त्या ड्रॉवरकडे असे काही बघत राहिले, की बायकोनं पाय खुर्चीवर घेत विचारलं, "पाल आहे का?"

"पाल नाही. हा उघडायला हवा."

"आता?"

"शनिवारच्या आत."

शनिवारी काय होतं ते सांगायला हवं. लिफ्टसाहेबांची लेक दूरच्या शहरात, अवकाशात दुर्बीण पाठवणाऱ्या मंडळींत कामाला होती. दुर्बीण एवढी मोठी, की उलगडलेली असती तर कुठल्याच रॉकेटात मावली नसती. म्हणून तिची घडी घातली होती. रॉकेट उडालं, दुर्बीण चंद्राच्याही पलीकडे निघाली, आणि आता वाटेत तिची एकेक घडी उलगडत होती. शनिवारी पाळी होती पडद्याची. लांबच्या ताऱ्यांची ऊब टिपायची तर दुर्बिणीनं स्वतः गारठलेलं असावं लागतं, म्हणून सूर्याच्या बाजूला कागदासारखा पातळ आणि अंगणासारखा ऐसपैस पडदा. तो घडीतच जागच्या जागी धरून ठेवायला पिना. पिना सुटल्या की पडदा उघडणार. एक जरी राहिली तरी पडदा नाही, पडदा नाही तर दुर्बीण नाही. आणि तिथं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाईल असं कोणी नाही.

त्या पिना तपासून पेटीत भरण्याचं काम लेकीचं होतं.

"बाबा, काळजी करू नका," ती फोनवर म्हणाली होती. तिचा आवाज मात्र काळजी करणाऱ्या माणसाचा होता. असा आवाज लिफ्टसाहेब तारेवरूनही ओळखत, कारण तो त्यांचाच होता.

लिफ्टसाहेबांची सगळी नोकरी सरकारी खात्यात लिफ्टा तपासण्यात गेली. लोकांना जिथे आरसा आणि पंखा दिसतो, तिथे त्यांना वरचा दोर दिसायचा. स्वतः ते जन्मभर जिन्यानं गेले. सोसायटीतला नवा माणूस कौतुकानं त्यांच्याशी लिफ्टविषयी दोन शब्द बोलायला यायचा आणि पुढचा आठवडाभर तोही जिन्यानं जायचा. भीती त्यांना कधी उगाच वाटली नाही, असं ते म्हणत. प्रत्येक भीतीला त्यांच्याकडे कारण होतं, आणि कारण सापडलं नाही तर त्याची वेगळी भीती वाटायची.

लेकीनं त्यांना अवकाशमोहिमांचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं होतं. ते त्यांनी आपल्या पद्धतीनं वाचलं. पद्धत अशी, की प्रत्येक प्रकरण संकट येईपर्यंत वाचायचं, मग छातीत धडधडलं की पुस्तक उपडं ठेवून पाणी प्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं प्रकरण उघडायचं. अवकाशात गेलेल्या पहिल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा केसाच्या जाडीहूनही कमी इतका चुकीचा घासला गेला होता आणि तिला सगळं धुरकट दिसत होतं, इथपर्यंत त्यांना माहीत होतं. गुरूकडे निघालेल्या एका यानाची छत्रीसारखी मोठी अँटेना उघडताना काड्या अडकल्या, हे तर त्यांना तोंडपाठ होतं. त्या काड्यांचं वंगण म्हणे ट्रकमधून नेताना घासून उडालं असावं. ट्रकमधून. एवढं मोठं यान, एवढी विद्वान माणसं, आणि मध्ये रस्त्यातले खड्डे. लिफ्टसाहेबांना तो ट्रक स्वप्नात दिसायचा. लेकीच्या पिना कशातून गेल्या, हे विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता.

तर ड्रॉवर. लिफ्टसाहेब शकुन-अपशकुन मानणारे नव्हते. मांजर आडवं गेलं तर ते मांजराची काळजी करायचे. पण शनिवारी तिकडे लेकीच्या पिना सुटायच्या आणि इकडे तिच्या घरात एक ड्रॉवर अडकलेला, हे त्यांना कसंतरीच वाटू लागलं.

"हा काय तोडगा आहे का?" बायकोनं विचारलं.

"तोडगा नाही. तयारी."

"कशाची?"

लिफ्टसाहेब हेअर ड्रायर शोधायला गेले. त्या गुरूच्या यानाला म्हणे आधी सूर्याकडे वळवून तापवलं, मग सावलीत नेऊन गार केलं. धातू फुगेल, आकसेल आणि काड्या सुटतील अशी आशा होती. लिफ्टसाहेबांनी ड्रॉवर ड्रायरनं तापवला आणि मग त्यावर बर्फाची पिशवी धरली. तापवला, गार केला. लाकडावरचा चकचकीत पापुद्रा सोलून हातात आला. ड्रॉवर जागचा हलला नाही.

ड्रायरचा आवाज ऐकून शेजारचे रसायनसर आले. हे शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सगळ्या अडचणी योग्य द्रावणात विरघळतात असं त्यांचं मत होतं. त्यांनी साबण सुचवला. मग मेणबत्ती. मग स्वतःच्या घरून एक बाटली आणली, जिच्या वासानं बायकोला गॅलरीत जावं लागलं. शेवटी दोघांनी पाय भिंतीला लावून मूठ ओढली. मूठ आली. रसायनसर मुठीसकट सोफ्यावर बसले.

"प्रगती आहे," ते म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी ड्रॉवर उघडला. आत वितळून एकजीव झालेले रबरबँड, कसलीशी किल्ली आणि लेकीचा शाळेतला कंपास निघाला. लिफ्टसाहेबांनी कंपास उघडून पाहिला. तो सहज उघडला, आणि त्यांना थोडं बरं वाटलं. फक्त ड्रॉवर आता बंद होईना. तो जाण्यायेण्याच्या वाटेत असा पुढे आला, की स्वयंपाकघरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला लागू लागला. बायकोला दोनदा लागल्यावर ती म्हणाली, "तिकडचा पडदा पण एकदा उघडला की उघडाच राहतो ना? मग झालं तर."

इथे थांबले असते तर ते लिफ्टसाहेब कसले. ड्रॉवर झाला, पण न्हाणीघराची खिडकी होती. खिडकी झाली, पण टपालाच्या पेटीचं झाकण होतं, जे चिमट्यानं उघडावं लागे. वंगणाचा डबा हातात घेऊन ते घरभर फिरले. घरातलं सगळं इतकं सैल झालं, की वारा आला की कपाटं आपण होऊन उघडायची आणि बायको दचकायची. शुक्रवारी सकाळी आता काही उरलं नाही असं म्हणून ते चहाला बसले, तेवढ्यात रसायनसर निष्पापपणे म्हणाले, "आपल्या गच्चीचं दार तर कित्येक वर्षांत उघडलेलं नाही, नाही का?"

लिफ्टसाहेबांनी चहा तसाच ठेवला.

गच्चीचं दार. अख्ख्या इमारतीतलं आकाशाकडे उघडणारं एकच दार, आणि तेच बंद. हे त्यांना आधी कसं सुचलं नाही!

गच्चीची कथा अशी, की जुन्या सेक्रेटरीचं आणि नव्या सेक्रेटरीचं पाण्याच्या टाकीवरून वाजलं. जुना घर सोडून गेला तो किल्ली घेऊन. किल्ली मागणं म्हणजे कमीपणा, म्हणून सोसायटीनं गच्ची लागत नाही असं ठरवलं. टाकी साफ करणारा शिडी लावून शेजारच्या इमारतीतून येई. लिफ्टसाहेब सेक्रेटरीकडे गेले.

"किल्लीवाला बोलवा की," सेक्रेटरी म्हणाला, "पण अर्ज द्या. कारण लिहा."

लिफ्टसाहेब कोऱ्या कागदासमोर बराच वेळ बसले. खातं सोडताना ज्यांच्या निरोप समारंभात वरचे साहेब म्हणाले होते की या माणसानं एकही वाक्य पुराव्याशिवाय लिहिलं नाही, त्यांनी लेकीच्या पिना सुटाव्यात म्हणून, असं कसं लिहावं? शेवटी त्यांनी लिहिलं: आकाशासंबंधी काम.

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती, पण वाटेत तिचा टॉवर झाला होता. लिफ्टसाहेब गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवणार. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या त्या हातात आपले डोकेदुखीचे जुने रिपोर्ट घेऊनच.

"माझ्या डोक्यावर लहरी सोडणार तुम्ही?"

"काकू, फक्त दार उघडायचंय."

"दार उघडून?"

"काही नाही. उघडून बंद करायचं."

"म्हणजे काहीतरी आहेच," काकू म्हणाल्या. आणि एवढ्या वर्षांच्या शेजारावर संशय घेताना माणूस जेवढं दुःखी दिसतो तेवढ्याच दुःखी दिसत त्यांनी जाहीर केलं, की दार त्यांच्या आणि कमिटीच्या डोळ्यांसमोर उघडलं जाईल. सेक्रेटरीला शनिवारी दुपारीच सवड होती.

नेमकं तेव्हाच तिकडे पिना सुटायच्या होत्या. लिफ्टसाहेबांनी हात जोडून सकाळची वेळ मागितली. सेक्रेटरी म्हणाला, "आकाश कुठे पळून जातंय का?"

शनिवारची दुपार झाली. फोनची बॅटरी ऐन वेळी संपेल या भीतीनं तो चार्जरला लावून, बायकोला त्याच्यासमोर बसवून ते वर गेले. किल्लीवाला आधीच आला होता. दार लोखंडी, लागलं की आपोआप बसणाऱ्या खटक्याचं कुलूप. त्यानं खुडबूड करून ते उघडलं आणि एकदम ऊन अंगावर आलं. कमिटी डोळे चोळत गच्चीत शिरली. टॉवरचा काही मागमूस नव्हता. होती ती टाकी, मोडकी खुर्ची आणि कुणाचा तरी एकच मोजा. काकू निराश होऊन कठड्यापाशी गेल्या.

किल्लीवाल्याचं काम मन लावून. कुलूप गंजलंय म्हणून त्यानं दोन्ही बाजूंच्या मुठी आणि त्यांना जोडणारी चौकोनी दांडी काढली, रॉकेलनं पुसली आणि वाळायला कठड्यावर ठेवली. काकूंनी आपली पर्स तिथेच ठेवली. वाऱ्याची एक झुळूक आली. मागे दार धाडकन लागलं, सगळे दचकले, काकूंनी दचकून पर्स उचलली, आणि पर्सबरोबर उठलेली दांडी कठड्यावरून पलीकडे गेली. खाली कुठेतरी टणकन आवाज झाला.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मुठीच्या जागी एक चौकोनी भोक होतं.

"आता?" सेक्रेटरीनं विचारलं.

"दांडीशिवाय नाही उघडायचं," किल्लीवाला शांतपणे म्हणाला. "चांगलं कुलूप आहे."

सेक्रेटरीनं वॉचमनला फोन लावला. वॉचमन खाली कुंड्यांमध्ये शोधू लागला. टाकीच्या चतकोर सावलीत कमिटी दाटीवाटीनं उभी राहिली. रसायनसर म्हणाले, की काळजीचं काही नाही, माणूस पाण्यावाचून बरेच दिवस राहू शकतो. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी आकडा सांगायचं टाळलं.

लिफ्टसाहेब उन्हातच उभे होते. आयुष्यभर लोकांना दोन मजल्यांच्या मध्ये अडकण्यापासून वाचवलेला माणूस, आणि तो गच्चीवर कमिटीसकट अडकला होता. याची लाज वाटायला त्यांना त्या घडीला सवड नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच होतं. हे दार उघडायला आले आणि हेच बंद पडलं. त्यांनी हात लावला आणि बंद पडलं. तिकडे काय होत असेल?

पलीकडे जिन्यात पावलं वाजली. चपला भराभर वर आल्या.

"अहो," भोकातून बायकोचा आवाज आला. "तिचा फोन आहे. तुमच्याशीच बोलायचंय म्हणते."

लिफ्टसाहेब दारापुढे गुडघे टेकून बसले आणि भोकाला डोळा लावला. आधी बायकोची बांगडी दिसली, मग फोनचा उजेड. मग त्यांनी डोळा काढून कान लावला.

"बाबा."

"बोल, बाळा."

"एका पिनेचं कळत नाहीये."

लिफ्टसाहेबांनी दाराला हात टेकला. लोखंड तापलं होतं, पण त्यांनी हात काढला नाही.

"कळत नाहीये म्हणजे?"

"पिन निघाली की एक खटका दाबला जातो आणि इकडे खूण येते. बाकीच्यांच्या आल्या. हिची नाही आली. खटकाच बिघडला असेल कदाचित. किंवा मग..." ती थांबली. "आता पडद्यामागचं तापमान बघताहेत. पडदा सुटला असेल तर मागे सावली पडेल, गार व्हायला लागेल. वेळ लागेल थोडा."

"तू कुठे आहेस?"

"जिन्यात येऊन बसलेय. आत जो तो पाठ थोपटतोय. काही होणार नाही, काही होणार नाही. मला ऐकवेना. बाबा, तुम्ही सांगा काहीतरी."

"मी काय सांगू?"

"तुमचं ते. वाईट वाईट. लहानपणी झोपताना सांगायचात तसं."

भीतीच्या गोष्टी सांगतो म्हणून या पोरीच्या आईची बोलणी त्यांनी खाल्ली होती. जगात कोणी त्या मागून घेईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. मागे कमिटी आहे हे ते विसरले. गुरूकडे निघालेलं ते यान, त्याची मिटलेली छत्री, तो ट्रक, ते उडालेलं वंगण, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. यानाला उन्हात वळवलं, सावलीत वळवलं, मोटरीचे धक्के दिले, तरी काड्या सुटल्या नाहीत, इथपर्यंत आले आणि थांबले. पुस्तक ते इथेच उपडं ठेवायचे.

"पुढे?" लेकीनं विचारलं.

"पुढे काय. छत्री उघडलीच नाही."

"ते झालं. यानाचं काय झालं?"

लिफ्टसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाबांना माहीत नाही," पलीकडून बायको म्हणाली. "मी सांगते. पुस्तक उपडं टाकून जातात, उचलताना माझं वाचून होतं. त्याला एक छोटी अँटेना पण होती. तिच्यावरून सगळं पाठवलं त्यानं, हळूहळू. मुंगीच्या पावलानं म्हण. पण कित्येक वर्षं पाठवत राहिलं. गुरूच्या त्या एका चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा, हे त्याच्यामुळे कळलं. आणि त्या धुरकट दुर्बिणीला माणसं जाऊन चष्मा लावून आली. अजून बघतेय ती."

"चष्मा लावला?" लिफ्टसाहेबांनी भोकातून विचारलं.

"पुढच्याच पानावर आहे."

लेक हसली. हसता हसता तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिकडे कोणीतरी तिला हाक मारली. "थांबा हं," ती म्हणाली, आणि तिची पावलं लांब गेली. फोन चालूच होता.

आता दारापाशी सगळे गोळा झाले होते. काकू सेक्रेटरीच्या कानाशी पुटपुटल्या, "टॉवरचं चाललंय का हे?"

"मुलीचं चाललंय," सेक्रेटरी म्हणाला, आणि का कोण जाणे, त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

काकूंनी आपली छत्री उघडली आणि गुडघ्यावर बसलेल्या लिफ्टसाहेबांच्या डोक्यावर धरली. इतका वेळ ती पर्समध्ये होती. लिफ्टसाहेबांच्या तापलेल्या मानेवर सावली पडली. त्यांनी डोळे मिटून घेतले. कान भोकाशीच होता.

पावलं परत आली.

"बाबा."

"हं."

"गार होतंय."

उत्तर बायकोनं दिलं. "ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "मान हलवताहेत बघ."

तिला मान दिसत नव्हती, पण संसाराला इतकी वर्षं झाली की भोकाची गरज पडत नाही.

वॉचमनला दांडी निवडुंगाच्या कुंडीत सापडली. बायकोनं ती भोकात घालून फिरवली आणि दार उघडलं. तेव्हा कमिटीनं टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी, हे किल्लीवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं त्या आपल्यासाठी आहेत असं समजून नम्रपणे हात हलवला. सेक्रेटरीनं गच्ची उघडी ठेवायचं जाहीर केलं. काकूंनी अट घातली, की टॉवर बसवायचा नाही.

संध्याकाळी लिफ्टसाहेबांनी ते पुस्तक हातात घेतलं, अडकलेल्या छत्रीचं पान काढलं आणि उलटलं. पुढे खरंच चंद्राचं चित्र होतं, बर्फावर भेगाच भेगा. ते बराच वेळ बघत बसले. तेवढ्यात लेकीचा पुन्हा फोन आला. आवाज थकलेला होता, पण आता तिचा स्वतःचा होता.

"उद्या आरसे," ती म्हणाली. "आरशांच्या दोन्ही बाजू मिटलेल्या आहेत, त्या बिजागऱ्यांवर फिरून जागेवर यायच्या. माझं काम संपलं, बाबा. बिजागऱ्या माझ्या शेजारी बसतो त्याच्या. आज माझ्यासाठी पाणी आणून आणून दमला बिचारा, आणि आता स्वतः पांढराफटक पडलाय."

लिफ्टसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"त्याच्या घरी कोण असतं?"

"आई असते. एकटीच. का?"

"सहज."

त्यांनी फोन ठेवला. मग उठले. वाटेत ड्रॉवर कमरेला लागला, तरी थांबले नाहीत. वंगणाचा डबा बायकोनं सकाळीच पिठाच्या डब्यामागे लपवला होता. तो तिनं काढून त्यांच्या हातात दिला, आणि आरशाच्या कपाटाचं अजूनही कुरकुरणारं दार, त्याच्या बिजागऱ्या त्यांना नीट दिसाव्यात म्हणून, दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.